नववीची पोरं, मनोविश्लेषण आणि 'नुसतं बोलून काय होणार?'

पांझरा

नमस्कार मंडळी. पेपर तपासणी संपली एकदाची, म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडते. मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दोन प्रश्न आहेत आणि ते मला एकमेकांत अडकलेले वाटतात.

पहिला, नववीत पोरांचं नेमकं होतं काय? आठवीपर्यंत 'मॅडम मॅडम' करत मागे फिरणारा पोरगा नववीच्या दिवाळीनंतर मान वर करून बघत नाही, काही विचारलं तर 'माहीत नाही' एवढंच, आणि एखाद्या दिवशी कारण नसताना असा अंगावर येतो की सगळा वर्ग चिडीचूप. स्टाफरूममध्ये याची तीन उत्तरं मिळतात, मोबाईल, घरचे लाड आणि 'वयच तसं आहे'. तिन्ही थोडीथोडी खरी असतील, पण उद्या वर्गात मी काय करू हे त्यातून कळत नाही. म्हणून वाचायला लागले. मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडलेलं बोलून उलगडायची पद्धत, ती सुरू करणाऱ्या व्हिएन्नातल्या फ्रॉइडचा १९१४ सालचा एक छोटा लेख आहे, तो शिकला त्या शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून लिहिलेला. त्यात तो म्हणतो की लहानपणी बाप सगळ्यात मोठा वाटतो, मग एका वयात बापाच्या मर्यादा दिसायला लागतात, राग येतो, आणि नेमक्या त्याच वयात पोराच्या समोर शिक्षक उभा असतो. बापाबद्दलचा आदर, अपेक्षा, राग सगळं शिक्षकावर येऊन पडतं. आपण त्यासाठी काहीही केलेलं नसतं तरी.

हे वाचून मला एक पोरगा आठवला (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). मी प्रतिक्षिप्त क्रिया शिकवत असताना तो कर्कटकाचं टोक बाकाच्या एकाच भोकात घालून फिरवत बसायचा, तास संपेपर्यंत, लाकडाचा भुगा वहीवर गोळा व्हायचा आणि तो फुंकर मारून उडवायचा. मी 'बंद कर' म्हटलं की माझ्याकडे बघत आणखी जोरात.

दुसरा प्रश्न त्याच्याच वडिलांचा. सिव्हिलला दाखवलं, तिथे सांगितलं की दर आठवड्याला समुपदेशनाला आणा. वडील मला म्हणाले, "ताई, गोळी दिली तर दोन टाइम देऊ, पण नुसतं बोलायला दर आठवड्याला गाडीभाडं घालून नेऊ, त्यानं डोक्यात काय फरक पडीन?" मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. बोलण्याने मेंदूत खरंच काही बदलतं का?

माझं मत सांगून टाकते. नववी-दहावीच्या पोराला शाळेत एक तरी असा मोठा माणूस लागतो जो त्याचा राग झेलेल आणि दुसऱ्या दिवशीही तसाच वागेल. हे शाळेचं कामच आहे, वरची मेहरबानी नाही. तुमचे अनुभव लिहा, विरोधही लिहा.

भुसावळ जंक्शन

आमच्या काळी एकच थेरपी होती, निंबाची ओली फांदी. एका सेशनमध्ये गुण यायचा 😀

मेहरूण

@पांझरा, विषय चांगला आहे पण फ्रॉइडला शाळेत आणू नका असं मला मनापासून वाटतं. एक तर ती सगळी मांडणी शंभर वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नातल्या खात्यापित्या घरांवर उभी आहे. दुसरं, ती तपासून बघायची सोय नाही. पोरगा सरांवर चिडला तर बापावरचा राग, नाही चिडला तर दाबलेला राग, म्हणजे सिद्धांत दोन्हीकडून जिंकतो. त्यापेक्षा झोप, जेवण, मोबाईल, क्लासचे तास हे मोजता येणारं बघा ना. नववीतलं पोर सकाळी सहाला क्लासला, मग शाळा, संध्याकाळी परत क्लास. चिडणार नाही तर काय करेल.

गिरणाकाठ

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

@भुसावळ जंक्शन, भाऊ, फांदी आम्हीही खाल्ली. पण गुण येत नव्हता, आवाज बंद होत होता. माझ्या वर्गातला एक जण मार खाऊन शाळा सोडून गेला तो परत आलाच नाही, हॉटेलात कपबशा धुवायला लागला. त्याची गणितं आमच्या सगळ्यांपेक्षा आधी सुटायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मार आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली ते उगाच नाही. आणि मानसिक छळ म्हणजे 'तुझा बाप गवंडी, तू काय दिवे लावणार' हे वाक्यसुद्धा. ते आजही वर्गात ऐकू येतं.

@मेहरूण, तुमचा आक्षेप वजनदार आहे. मी सिद्धांत खरा का खोटा यात पडत नाही, नोकरीत जे बघितलं ते सांगतो. नवा शिक्षक रुजू झाला की दोन महिन्यांत येऊन म्हणायचा, आबा, ते अमुक पोरगं माझाच दुस्वास करतं, मी त्याचं काय घोडं मारलंय? घरी चौकशी केली की कळायचं, बाप दारू पितो, किंवा सुरतला कामाला आहे आणि वर्षातून दोनदा येतो, किंवा बाप घरीच आहे पण पोराशी मार्काशिवाय दुसरं काही बोलत नाही. पोराला बापावर ओरडता येत नाही. सरांवर येतं, कारण सर घरातून हाकलून देणार नाहीत. हे एकदा शिक्षकाला समजलं की त्याचा निम्मा अपमान तिथेच उतरतो आणि तो शांतपणे बोलू शकतो. एवढा उपयोग मला पुरेसा आहे.

फ्रॉइडचंच आणखी एक सांगतो. १९१० साली व्हिएन्नात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर चर्चा झाली होती. तेव्हा तो म्हणाला होता की शाळेने पोरांना मरणाकडे ढकलू नये एवढंच पुरत नाही, तिने त्यांना जगावंसं वाटायला लावलं पाहिजे, कारण याच वयात घराशी असलेले धागे सैल होत असतात आणि पोराला आधार लागतो. शिवाय ही पोरं अजून पिकलेली नाहीत, त्यांना एखाद्या टप्प्यावर रेंगाळायचा हक्क आहे, तो टप्पा आपल्याला कितीही नकोसा वाटला तरी. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या आठवड्यात पेपरात काय काय बातम्या येतात ते आठवून हे परत वाचा.

बारा बलुतं

+१ आबा. 'रेंगाळायचा हक्क' हे आमच्या सासूबाईंना दाखवते.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात अक्राणीच्या बाजूला आश्रमशाळेवर आहे. वाचतोय तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पीटर ब्लॉस नावाचा मनोविश्लेषक होता, त्याने १९६७ मध्ये मांडलं की माणूस आईबापांपासून दोनदा वेगळा होतो. एकदा दोन-तीन वर्षांचा असताना, चालायला बोलायला लागतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा किशोरवयात, तेव्हा मनातल्या आईबापांपासून. त्या दुसऱ्या वेळी पोरगं मधूनमधून लहान बाळासारखं वागतं आणि मधूनच एकदम परकं होतं, आणि हे पुढे-मागे होणं गरजेचं असतं असं त्याचं म्हणणं. ठीक आहे. पण आमच्याकडची पोरं सहाव्या वर्षी पहिलीला हॉस्टेलला येतात. आईबाप ऊसतोडीला नाहीतर गुजरातमध्ये मजुरीला. घरची भाषा पावरी नाहीतर भिली, वर्गात प्रमाण मराठी, पुस्तकातली. पहिले कित्येक महिने लेकरू काही बोलतच नाही. आम्ही त्याला 'लाजाळू' म्हणून मोकळे होतो.

मग चौदाव्या वर्षी ज्या आईबापांपासून त्याने वेगळं व्हायचं ते असतात कुठे? त्याला भांडायला घरात कुणी नाही. भांडणार कुणाशी, तर अधीक्षकाशी, स्वयंपाकीणबाईंशी, माझ्याशी. आणि आम्ही बदलून जातो. तीन वर्षं एका पोराने मला धरून ठेवलं, भांडला, रुसला, परत आला, आणि माझी बदलीची ऑर्डर आली. निरोपाच्या दिवशी तो समोर आला नाही. मेसच्या मागे पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून होता. मी जाऊन शेजारी बसलो, तो पावरीत म्हणाला की तुम्ही सगळे जाताच.

होळीला घरी गेलेली पोरं परत येत नाहीत तेव्हा रिपोर्टमध्ये आम्ही लिहितो 'पालकांचे स्थलांतर'. ते खरंच असतं. पण काही पोरं परत येत नाहीत ती मला वाटतं थकतात म्हणून, परत परत नव्या माणसाला जीव लावायला. यावर कुणी लिहिलं असेल तर सांगा. व्हिएन्नाच्या पुस्तकांत आमचं पोर बसत नाही, पण प्रश्न मात्र त्याच पुस्तकांनी मला दाखवला, हेही तितकंच खरं.

पांझरा

@सातपुडा दादा, हे वाचून मी बराच वेळ काही टाईप करू शकले नाही. बदल्यांचा विचार पोराच्या बाजूने कुणी करतच नाही.

केळीबाग

मी शिक्षक नाही, डॉक्टर नाही, रावेरकडची एक आई आहे. वडिलांच्या त्या प्रश्नावर लिहिते कारण तोच प्रश्न आमच्या घरात सहा महिने चालू होता.

माझी मुलगी नववीत असताना तिला शाळेच्या दारात पोटात दुखायला लागायचं. खोटं नाही हो, घाम यायचा, हात गार पडायचे. रविवारी ठणठणीत. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मग सासूबाईंनी नजर उतरवली, एका ठिकाणी अंगारा आणला, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून कसला काढा दिला. मी कुणाला नाही म्हटलं नाही, आई सगळं करते. शेवटी आमच्या डॉक्टरांनी जळगावला पाठवलं. तिथल्या मॅडम तिच्याशी एकटीशी बोलायच्या, मी बाहेर बाकावर. मला राग यायचा, माझी पोर आणि मलाच आत घेत नाहीत. मिस्टर म्हणायचे, पाचशे रुपये देऊन गप्पा मारतात.

पहिले काही आठवडे तर काहीच नाही. उलट घरी जास्त चिडायची. मग एक दिवस जेवताना तिने स्वतःहून सांगितलं की एका सरांनी भर वर्गात तिचे मार्क वाचून दाखवले होते आणि 'बहीण बघ कशी, तू बघ कशी' असं म्हटलं होतं. एवढंच. आपल्याला एवढंच वाटतं. पण ते वाक्य तिला पाचवीपासून आमच्याच घरात ऐकू येत होतं, पाहुण्यांसमोर, आजीकडून, सगळ्यांकडून. सरांनी म्हटलं तेव्हा ते घरचं सगळं एकदम वर आलं असं मॅडमनी मला नंतर समजावलं, तिला विचारून.

आता ती बारावीला आहे. पोटात दुखणं बोर्डाच्या वेळी परत आलं होतं, पण आता तिला कळतं की हे काय आहे आणि ती शाळेत जाते. मिस्टरांना मी शेवटी शेतातल्या भाषेत सांगितलं, की बागेला एकदम पाट सोडला तर पाणी वाहून जातं, ठिबकचं पाणी दिसत नाही पण मुळाशी पोचतं, तसे हे आठवड्याचे तास आहेत. तेव्हापासून ते स्वतः गाडी काढायला लागले.

डोक्यात काय बदललं ते मला माहीत नाही, ते डॉक्टर लोकांनी सांगावं.

भुसावळ जंक्शन

ताई, मनापासून लिहिलंत. माझी फांदीची कॉमेंट गंमत होती, आबांनी योग्य तेच सुनावलं.

वाघूर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जळगाव जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. केळीबाग ताईंचा प्रश्न आणि त्या वडिलांचा प्रश्न एकच आहे, त्यावर जे ठाम सांगता येतं तेवढं सांगतो.

बोलण्याने मेंदू बदलतो. यात चमत्कार काही नाही, कारण शिकण्यानेच मेंदू बदलतो आणि थेरपी हे एक प्रकारचं शिकणं आहे. एरिक कँडेल हे नाव लक्षात ठेवा. व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस मनोविश्लेषक व्हायचं म्हणून डॉक्टर झाला आणि पुढे एका समुद्री गोगलगायीच्या चेतापेशींवर काम करत बसला. त्याने दाखवलं की शिकलेली गोष्ट जेव्हा लांब पल्ल्याची आठवण होते तेव्हा पेशीतली जनुकं चालू होतात आणि पेशींमध्ये नवे जोड तयार होतात, म्हणजे अनुभवाने मेंदूची रचनाच बदलते. १९७९ मध्ये त्याने लिहिलं की मानसोपचार जर परिणाम करत असतील तर ते याच वाटेने करत असणार. २००० साली त्याला नोबेल मिळालं.

आता माणसांवरचं. १९९२ मध्ये अमेरिकेत बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसीडीच्या रुग्णांचे पेट (PET) स्कॅन केले, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवणारी तपासणी. ओसीडी म्हणजे परत परत हात धुणं, कुलूप तपासणं असा त्रास. नऊ जणांना फ्लुओक्सेटिनची गोळी, नऊ जणांना फक्त वर्तनोपचार (गोळी नाही, वागणं बदलायचा सराव), सुमारे दहा आठवडे. ज्यांना बरं वाटलं त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट नावाच्या भागात उजव्या बाजूला साखरेचा वापर कमी झाला होता, आणि तो दोन्ही गटांत झाला होता. गोळीने आणि गोळीशिवाय. त्या वडिलांना सांगायला हे एक उदाहरण पुरेल.

शाळेच्या जवळचं उदाहरण स्वीडनचं आहे, २००२ चं, फुरमार्क आणि सहकारी. लोकांसमोर बोलायची भीती असलेल्या माणसांना स्कॅनरमध्ये ठेवून, समोर माणसं उभी करून भाषण करायला लावलं. काहींना गोळी दिली, काहींना गटात थेरपी, काहींना नुसतं थांबवून ठेवलं. ज्यांना गुण आला त्यांच्यात भाषणाच्या वेळी अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, धडपड कमी झाली. इथेही गोळी आणि बोलणं दोन्हींनी. फळ्यासमोर उभं केल्यावर ज्या पोराची जीभ टाळ्याला चिकटते त्याच्या डोक्यात हाच भाग पेटलेला असतो. त्याला 'मुद्दाम करतो' म्हणू नका.

आणि धागा मनोविश्लेषणाचा आहे म्हणून, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या अभ्यासात बुखहाइम आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ नैराश्य असलेल्यांना पंधरा महिने मनोविश्लेषण पद्धतीची थेरपी देऊन आधी आणि नंतर स्कॅन केले. स्कॅनरमध्ये त्यांना त्यांच्याच नात्यांबद्दलची त्यांचीच वाक्यं दाखवली. सुरुवातीला अमिग्डाला, त्याच्याशेजारचा आठवणींचा भाग हिप्पोकॅम्पस आणि पुढच्या मेंदूचे काही भाग इतरांपेक्षा जास्त पेटायचे, पंधरा महिन्यांनी तो फरक ओसरला. म्हणजे जुनी जखम आठवली तरी मेंदू पूर्वीइतका हादरत नव्हता.

@केळीबाग ताई, तुमची मुलगी बोर्डाच्या वेळी पोट दुखलं तरी शाळेत गेली, ते मला या सगळ्या स्कॅनपेक्षा मोठं वाटतं.

मेहरूण

@वाघूर, धन्यवाद, मुद्देसूद लिहिलंत. पण नऊ-नऊ माणसं? इतक्या कमी लोकांवरून आपण सगळ्या नववीच्या वर्गांबद्दल बोलायचं? शिवाय हे सगळे अभ्यास मोठ्या माणसांवरचे. आणि स्कॅनचं रंगीत चित्र बघितलं की लोकांना सगळं पटतं, हाही धोका आहेच. उद्या एखादा 'ब्रेन थेरपी' म्हणून जळगावात बोर्ड लावेल आणि पालक रांग लावतील.

वाघूर

बरोबर प्रश्न. बोर्ड लावणारे लागलेत आधीच, त्यांच्यापासून सांभाळा. पोराची 'ब्रेन मॅपिंग' करून करिअर सांगणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

कमी संख्येचा आक्षेप मान्य. म्हणून एकेक अभ्यास धरून बसायचं नसतं, तीच दिशा वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या आजारांत दिसते का ते बघायचं असतं, आणि बऱ्याच अंशी दिसते. किशोरवयीन मुलांवरचा मोठा अभ्यास हवा असेल तर इंग्लंडमधला आहे, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेली ११ ते १७ वयाची ४६५ मुलं. तीन गट, एकाला सीबीटी, एकाला अल्पकालीन मनोविश्लेषण पद्धतीची थेरपी, एकाला साधं पण नीट आखलेलं मानसिक-सामाजिक सहाय्य, म्हणजे आजाराची माहिती, रोजच्या दिनक्रमाकडे लक्ष, घर आणि शाळेशी संपर्क. वर्षभराहून जास्त काळ पाठपुरावा केला. तिन्ही गटांतली मुलं सुधारली आणि कुणी कुणापेक्षा वरचढ ठरलं नाही.

म्हणजे 'सीबीटीशिवाय काही चालत नाही' हेही खरं नाही आणि 'मनोविश्लेषणच खोलवर जातं' हेही त्यातून सिद्ध होत नाही. आपल्यासारख्या भागाला यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. साधं, सातत्याचं, नीट शिकवलेलं सहाय्यसुद्धा चालतं. त्याला व्हिएन्नाला जावं लागत नाही.

पिंप्राळा

सीबीटी म्हणजे काय कुणी एका ओळीत सांगेल का? सगळे गृहीत धरून चाललेत.

वाघूर

आत्ता या क्षणी डोक्यात कोणता विचार येतो, तो कितपत खरा आहे, आणि वागणं बदललं तर काय होतं, यावर ठरवून केलेलं काम म्हणजे सीबीटी. मनोविश्लेषण पद्धतीत जुनी नाती आणि थेरपिस्टशी होणारं नातं यातून ते उलगडतात.

बोरीकाठ

अमळनेरचा माणूस आहे, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. शाळेतला एक मोठा माणूस म्हणताय ना, साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या प्रताप हायस्कूलला शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळायचे. पोरांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, आजारी पोराजवळ बसायचे, आणि पोरांसाठी हाताने लिहिलेलं छात्रालय दैनिक काढायचे. रोज. जरा विचार करा, घरापासून लांब राहणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला सकाळी उठल्यावर कुणीतरी फक्त आपल्यासाठी लिहिलेलं वाचायला मिळतंय. फ्रॉइड सगळं बापावर नेतो, गुरुजींनी आईची जागा घेतली. @सातपुडा दादांच्या पोरांना नेमकं हेच हवंय असं मला वाटतं.

गिरणाकाठ

बोरीकाठ, गुरुजींबद्दल शब्दच नाहीत. पण एक सांगतो, प्रत्येक शिक्षकाकडून गुरुजी व्हायची अपेक्षा ठेवली की शिक्षक दोन वर्षांत कोलमडतो. निवडणुकीची कामं, शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण, पोषण आहाराचे रजिस्टर, यातून उरलेल्या वेळात आईही व्हा? विनिकॉट नावाच्या बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाचं म्हणणं मला जास्त झेपणारं वाटतं. तो म्हणतो किशोरवयीन पोराला समोर ठाम उभा राहणारा मोठा माणूस हवा असतो. पोरगा धडका मारतो, त्या मोठ्याने जागा सोडून पळू नये आणि सूडही घेऊ नये. बस. प्रेमाने ओथंबायची गरज नाही.

चाळीसगाव एसटी

मी इथे सगळ्यांपेक्षा लहान असेन, एफवायला आहे. हा आबांनी सांगितलेला माणूस मला भेटलाय म्हणून लिहितोय.

दहावीत माझे पप्पा ट्रकवर असायचे, महिना महिना नाही. मी गणिताच्या सरांना भर वर्गात शिवी दिली होती. खरंच दिली होती, आणि का दिली ते मला तेव्हा पण माहीत नव्हतं, त्यांनी फक्त वही मागितली होती. सरांनी मला ऑफिसला नेलं, बसवलं, म्हणाले की हे चालणार नाही, माफीचं पत्र लिही आणि उद्या वर्गासमोर वाच. पप्पांना बोलावलं नाही. मी पत्र वाचलं. आणि मला वाटलं होतं आता सर मला विसरणार, वर्षभर बघणार पण नाहीत. त्या दिवशी तास सुरू झाला आणि सर नेहमीसारखं म्हणाले, 'जा, ऑफिसमधून हजेरीपट घेऊन ये.' ते काम कायम माझ्याकडे असायचं, ते त्यांनी काढून घेतलं नाही.

मला त्या वेळी काय झालं सांगता येत नाही पण मी हजेरीपट आणायला गेलो आणि जिन्यात रडलो.

@मेहरूण काका, झोपेचं पण खरं आहे. आम्ही सहाच्या क्लासला अक्षरशः डोळे उघडे ठेवून झोपायचो.

मेहरूण

@चाळीसगाव एसटी, शाब्बास बेटा. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.

झोपेवर थोडं अवांतर करतो कारण ते खरोखर महत्त्वाचं आहे. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं, पोरं मुद्दाम जागत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की किशोरवयीन मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवायचं ठरलं, चांगलं झालं, पण चौदा वर्षांच्या पोराला तर त्याची जास्त गरज आहे. आपल्याकडे मार्चपासून सकाळची शाळा लागते ती उन्हामुळे, ते मी समजू शकतो, पंचेचाळीस डिग्रीत दुपारी कोण बसणार. पण मग निदान त्या दोन महिन्यांत पहाटेचे क्लास तरी बंद ठेवा.

बारा बलुतं

पहाटेचे क्लास बंद! आमच्याकडे क्लासवाल्या सरांचा बंगला झाला, ते बरे बंद ठेवतील. पण मुद्दा १०० टक्के पटला.

तापीची लेक

सगळं वाचलं. कुणी मुलींबद्दल वेगळं बोललंच नाही, केळीबाग ताई सोडून. मी चोपड्याकडे मुलींच्या शाळेवर आहे. मुलगी अंगावर येत नाही, ती आत जाते. एकदम उपास सुरू करते, रंगीत कपडे नको, मैत्रिणींशी बोलणं बंद, दिवसभर अभ्यास. आणि आपण कौतुक करतो, किती शहाणी झाली बघा. फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड हिने १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की आतून उसळणाऱ्या इच्छांची भीती वाटली की किशोरवयातली मुलं अशी वैराग्याची वाट धरतात. ती स्वतः आधी शाळेत शिक्षिका होती, म्हणून तिचं लिहिलेलं मला वर्गातलं वाटतं. तर बाक पोखरणाऱ्या पोराकडे आपलं लक्ष जातं तरी. पहिल्या बाकावर बसून डबा न उघडता परत नेणारी पोरगी कुणाला दिसते? आणि घरात तिचं लग्न काढलेलं असतं ते तर कळतच नाही.

पांझरा

@तापीची लेक ताई, याच्यावर खरं तर वेगळा धागा व्हायला हवा, तुम्हीच काढा. मी उद्यापासून डबे बघणार आहे.

मूळ प्रश्नाकडे येते. वाघूर सरांचं ओसीडीवालं उदाहरण मी त्या वडिलांना सांगितलं. गोळी आणि बोलणं दोन्हींनी डोक्यातला तोच भाग शांत होतो हे ऐकून ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "मंग किती दिवस लागतीन?" सर, याचं काय उत्तर देऊ?

दुसरं, शाळेत मी मुख्याध्यापकांकडे विषय काढलाय. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक तत्त्वं दिलीत, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा असं आहे. आमचा पट त्याच्या कितीतरी वर आहे. मुख्याध्यापक म्हणतात पद कोण भरणार. तोपर्यंत काय?

वाघूर

वडिलांना खरं तेच सांगा. बारा ते सोळा आठवडे मनाशी धरून चला, पहिल्या महिन्यात फरक दिसेलच असं नाही, आणि मध्येच चिडचिड वाढली तर घाबरून थांबवू नका, फोन करा. गोळी लागलीच तर तीही घ्यायची, त्यात कमीपणा नाही. त्यांना एक-दोन वेळा सोबत आत बोलवायला सांगा, बाप बाहेर बाकावरच बसून राहिला तर त्याला ते शेवटपर्यंत गप्पाच वाटतात. मध्ये एखादी फेरी चुकली तर फोनवर बोलायची सोय आहे का तेही विचारा, गाडीभाड्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याच्यापायी बरेच उपचार अर्धवट सुटतात.

आणि पोरगा कधी जिवाचं बरंवाईट करायचं बोलला, गमतीत जरी बोलला, तर वाट बघायची नाही. सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी सिव्हिल. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा.

गिरणाकाठ

समुपदेशक येईपर्यंतचं मी सांगतो, माझ्या शाळेत केलं होतं. प्रत्येक शिक्षकाकडे आठ-दहा पोरं वाटून द्यायची, आणि आठवीला दिली ती दहावी होईपर्यंत त्याच शिक्षकाकडे ठेवायची, वर्ग बदलला तरी. महिन्यातून एकदा प्रत्येकाशी दहा मिनिटं, मार्कांचा विषय काढायचा नाही. पहिले दोन महिने पोरं 'बरं आहे सर' एवढंच म्हणतात. चालू ठेवायचं. पैसे लागत नाहीत, जीआर लागत नाही.

सातपुडा

आबा, हे आश्रमशाळेवर करून बघतो. बदली झाली तरी त्या आठ-दहा पोरांना महिन्यातून एक फोन मी करू शकतो, अधीक्षकांच्या फोनवर. वाघूर सर, एक शंका आहे, १४४१६ वर पावरी बोलणारं कुणी मिळतं का? मराठीत आमची मोठी पोरं बोलतील, पण मनातलं मराठीत सांगतील का, ते मला अवघड वाटतं.

वाघूर

@सातपुडा, तिथे पावरीची सोय असेल असं धरून चालू नका. पहिला फोन तुम्ही शेजारी बसून लावून द्या, पोरगा पावरीत बोलला तर तुम्ही सांगा, त्याची हरकत नसेल तरच. आणि नंदुरबारच्या सिव्हिलला मानसिक आरोग्य विभागात विचारून बघा, तिथल्या नर्सेस आणि आशा ताईंमध्ये पावरी येणाऱ्या असतात, त्यातल्या एकीला जरी थोडं प्रशिक्षण मिळालं तरी काम होईल. मला मेसेज करा, तिथे कुणाशी बोलायचं ते बघतो.

सातपुडा

केला मेसेज सर.